इंटरनेटचा मनावर होणारा परिणाम: स्वतःपुरता कसा तपासावा, कसा आवरावा

दिवसाला किती तास नेट वापरलं की मन बिघडतं, याला एका आकड्यात उत्तर नाही. एक माणूस लांब राहणाऱ्या बहिणीशी दोन तास व्हिडिओ कॉलवर बोलतो. दुसरा रात्री एक वाजता अंथरुणात पडून चाळीस मिनिटं रील्स सरकवत राहतो. दुसऱ्याचे तास कमी आहेत, पण सकाळी चिडचिड त्याचीच होणार.

संशोधनातही असंच दिसतं. २०१९ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसत होता, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येत होता. त्याच्या आदल्या वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज १० मिनिटांवर आणलं. त्यांचा एकटेपणा कमी झाला आणि जे सुरुवातीला जास्त उदास होते त्यांची उदासीही उतरली. या दोन निष्कर्षांत भांडण नाही. सगळ्यांची सरासरी काढली तर परिणाम बारीक दिसतो, पण काही माणसांवर, काही वेळी, काही प्रकारच्या वापराचा परिणाम मोठा असतो. आपण त्यांत बसतो का, हे आपलं आपणच मोजावं लागतं.

पहिला आठवडा: फक्त नोंद

सात दिवस काहीही बदलू नका. नेहमीसारखाच मोबाइल वापरा आणि दोन प्रकारच्या नोंदी ठेवा.

पहिली नोंद फोन स्वतःच ठेवतो. आयफोनमध्ये सेटिंग्जमधलं ‘स्क्रीन टाइम’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा. तिथून रोज तीन गोष्टी उतरवून घ्या: कोणत्या तीन अ‍ॅपवर सगळ्यात जास्त वेळ गेला, फोन किती वेळा उचलला किंवा अनलॉक केला, आणि झोपायची वेळ ठरलेली असते त्यानंतर किती मिनिटं वापर झाला. एकूण तासांच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. त्यात रस्ता दाखवणारा नकाशाही येतो आणि ऑफिसचं कामही येतं, शिवाय लॅपटॉपवरचा वेळ त्यात बहुतेक वेळा नसतोच.

दुसरी नोंद कागदावर करायची. दिवसातून तीन ते पाच वेळा, फोन खाली ठेवल्या ठेवल्या एक ओळ लिहा: वेळ, अ‍ॅप, फोन कशासाठी उचलला होता, उचलण्याआधी मनाची स्थिती शून्य ते दहामध्ये किती होती आणि ठेवल्यावर किती. ‘कशासाठी’ या रकान्यात खरं ते लिहा. कंटाळा, एखादं काम टाळायचं होतं, कुणाचं उत्तर आलंय का बघायचं होतं, नुसता हात गेला, असं काहीही चालेल.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे पहिल्याच दिवशी आकडा बघून दचकायचं आणि लगेच वापर कमी करायचा. मग तुलनेसाठी काही उरतच नाही. दुसरी म्हणजे सगळ्या ओळी रात्री एकदम आठवून भरायच्या. रात्री थकलेलं मन अख्ख्या दिवसाला एकच रंग देतं आणि कोणत्या अ‍ॅपने काय केलं ते कळत नाही.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येक अ‍ॅपपुढच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला फरक बघा. एखाद्या अ‍ॅपनंतर मन वारंवार दोन किंवा त्याहून जास्त अंकांनी खाली येत असेल, तर काम तिथे आहे. ‘आधी’चा रकाना मात्र नीट वाचा. फोन उचलण्याआधीच मन दोन-तीनवर असेल आणि नंतरही तिथेच असेल, तर फोनने मन पाडलेलं नाही. पडलेलं मन लपायला फोनकडे जातंय. अशा वेळी अ‍ॅप काढून टाकलं तरी मूळ दुखणं जागच्या जागी राहतं आणि लपायची जागा तेवढी जाते. हा फरक न करता केलेले उपाय बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत गळून पडतात.

सुरुवात झोपेपासून

नोंदी काहीही सांगोत, रात्रीचा वापर असेल तर पहिला बदल तिथे करा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी काळजी वाढते, राग लवकर येतो आणि स्वतःला आवरण्याची ताकद कमी पडते. मग संध्याकाळी स्क्रोलिंग आणखी वाढतं आणि रात्र पुन्हा लांबते. हे चक्र एका जागी तोडलं की बाकीचे बदल सोपे जातात.

रात्री स्क्रीन पिवळसर करणारा फिल्टर लावून बरेच जण निश्चिंत होतात. स्क्रीनच्या उजेडाने झोप पुढे जाते हे खरंच आहे. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्यापूर्वी तब्बल चार तास उजेडी पडद्यावर वाचूनही झोप लागायला सरासरी दहा मिनिटांच्या आसपासच जास्त लागली. दहा मिनिटांनी कुणाचा दिवस वाया जात नाही. वाया जातो तो ‘अजून एकच बघू’ म्हणत गेलेल्या दीड तासाने आणि डोकं तापवणाऱ्या वादाने. फिल्टर लावा, पण त्याने काम झालं असं समजू नका.

करायचं ते असं:

१. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर न्या. फोन रात्री तिथेच राहील. घरात एकच खोली असेल तर अंथरुणातून उठल्याशिवाय हाताला लागणार नाही इतक्या लांब ठेवा.

२. गजरासाठी साधं घड्याळ घ्या. ‘गजर लावायचाय’ या कारणानेच फोन उशाशी परत येतो.

३. झोपण्याच्या ४५ ते ६० मिनिटं आधी फोन चार्जिंगला लावा. त्या वेळेला ‘डू नॉट डिस्टर्ब’ आपोआप सुरू होईल असं सेट करा.

४. रात्री घरच्यांचा तातडीचा फोन आला तर, ही भीती रास्त आहे. त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ठरावीक माणसांना सूट द्या आणि लागोपाठ आलेल्या कॉलची सोय सुरू ठेवा. आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर रिंग वाजते.

५. त्या तासात काय करायचं ते आधी ठरवा. पुस्तक, उद्याचे कपडे काढून ठेवणं, उद्याच्या कामांची कागदावर यादी, काहीही चालेल. रिकामा तास ठेवलात तर हात फोनकडेच जाईल.

पहिल्या तीन-चार रात्री झोप लागायला उलट जास्त वेळ लागू शकतो. मन आवाज आणि चित्रं मागत राहतं. वीसेक मिनिटं झाली तरी डोळा लागला नाही तर तळमळत पडू नका. उठा, मंद उजेडात बसून काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे जड झाले की परत आडवे व्हा. निद्रानाशावरच्या मानसोपचारात हीच पद्धत वापरतात, कारण अंथरूण म्हणजे जागरणाची जागा ही मनाला लागलेली सवय तिने सुटते.

नोटिफिकेशन: माणसं ठेवा, अ‍ॅप गप्प करा

लाइक आलंय की नाही हे फोन उघडेपर्यंत कळत नाही. कधी येतं, कधी नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की ती सवय सगळ्यात चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. तेव्हा वारंवार फोन बघणं हा तुमच्या स्वभावातला दोष नाही. निश्चय करून ते थांबेल असं गृहीतही धरू नका. सेटिंग बदला.

सेटिंग्जमधली नोटिफिकेशनची यादी उघडा आणि प्रत्येक अ‍ॅपला एकच प्रश्न विचारा: समोर एखादं माणूस माझी वाट बघतंय का? कॉल, व्यक्तीने थेट पाठवलेला मेसेज, बँक, औषधाची आठवण एवढं सुरू ठेवा. लाइक, ‘अमुक यांनी फोटो टाकला’, ‘तुम्हाला आवडेल असं काही’, खरेदी, गेम आणि बातम्या बंद करा. अ‍ॅपच्या चिन्हावरचा आकड्याचा लाल ठिपकाही बंद करा. आवाज बंद असला तरी तो ठिपका बोलावत राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट ‘नेहमीसाठी’ म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि दिवसातून दोन ठरलेल्या वेळी उघडा.

सगळं एकदम बंद करणं मात्र अनेकांना मानवत नाही. २०१९ सालच्या एका प्रयोगात ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा मिळत होत्या, ते जास्त शांत आणि कामात एकाग्र राहिले. ज्यांच्या पूर्ण बंद केल्या, त्यांना आपलं काहीतरी हुकतंय अशी धास्ती वाटू लागली. आयफोनमध्ये ‘शेड्यूल्ड समरी’ने असा गठ्ठा करता येतो. तुमच्या फोनवर तशी सोय नसेल तर फोनवरच्या घड्याळात तीन वेळा लावून घ्या आणि त्या वेळी स्वतःहून उघडून बघा.

मेसेज वाचला, निळ्या खुणा दिसल्या, तरी उत्तर का नाही, या विचाराने ज्यांचा जीव वरखाली होतो त्यांनी ‘रीड रिसीट’ आणि ‘लास्ट सीन’ दोन्ही बंद करावं. मग समोरच्याचंही आपल्याला दिसत नाही आणि फायदा त्यातच आहे. गटातल्या मेसेजच्या निळ्या खुणा मात्र बंद करता येत नाहीत.

फीड आणि रील्स

पान संपलं की माणूस थांबतो. न संपणाऱ्या फीडने ती थांबायची जागा काढून घेतली, आणि आपोआप सुरू होणाऱ्या पुढच्या व्हिडिओने उरलीसुरली काढली. आपल्याला ती परत बसवायची आहे.

अ‍ॅपला वेळेची मर्यादा लावणं हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय, आणि सगळ्यात लवकर निकामी होणाराही हाच. मर्यादा संपल्यावर ‘आजच्यापुरतं सोडा’ असं बटण समोर येतं आणि आठवडाभरात अंगठा ते न वाचताच दाबायला शिकतो. मर्यादा लावायचीच असेल तर दोन गोष्टी पाळा. पहिल्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा पाव हिस्सा कमी अशी लावा. एकदम निम्मी केली तर तिसऱ्या दिवशी मोडते, आणि मोडल्याची शरम हेच पुढच्या स्क्रोलिंगचं कारण होतं. दुसरं म्हणजे आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या विश्वासू माणसाला टाकायला सांगा आणि मर्यादा संपल्यावर अ‍ॅप अडवण्याचा पर्याय सुरू करा.

याहून टिकणारे उपाय म्हणजे वाटेत अडथळे उभे करणं. नोंदीत सगळ्यात वाईट ठरलेलं अ‍ॅप फोनवरून काढा, पण खातं ठेवा. हवं तेव्हा ब्राउझरमधून उघडा आणि दर वेळी लॉगआउट करा. पासवर्ड टाकायला लागणारा अर्धा मिनिट ‘नुसता हात गेला’ प्रकारची बरीचशी उघडझाप थांबवतो. यूट्यूबवर ऑटोप्ले बंद करा. वॉच हिस्टरी थांबवून जुनी पुसली तर मुखपृष्ठावरच्या शिफारशीही जवळपास नाहीशा होतात आणि तुम्ही शोधाल तेच दिसतं. इन्स्टाग्रामवर सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस थांबवता येतात, शिवाय फक्त फॉलो केलेल्यांचं फीडही निवडता येतं. पडदा कृष्णधवल करण्याचा पर्याय दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये सुलभतेच्या सेटिंगमध्ये असतो. काहींना त्याने खूप फरक पडतो, काहींना दोन दिवसांत सवय होते. करून बघायला काही लागत नाही.

दुसऱ्यांचं सुख, शरीर, घर, प्रवास बघून खट्टू होत असाल तर तुलना करू नये असं स्वतःला बजावून उपयोग नाही. समोर आलं की तुलना होतेच. यादी उघडा आणि ज्यांच्या पोस्टनंतर मन खाली येतं अशी दहा खाती आज म्यूट करा. ओळखीची माणसं असतील तर अनफॉलो करू नका. म्यूट केलेलं त्यांना कळत नाही आणि नात्यात वितुष्ट येत नाही.

वाचलेल्या वेळाचं काय होतं, यावरही एक चांगला प्रयोग आहे. २०१८ साली अमेरिकेत काही जणांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. रोज सरासरी तासभर मोकळा झाला आणि त्यातला काही घरच्यांसोबत, मित्रांसोबत गेला. मन थोडं सुधारलं, ताज्या बातम्यांची माहिती थोडी घटली, आणि प्रयोग संपल्यावरही त्यांचा फेसबुकचा वापर आधीपेक्षा कमी राहिला. ‘थोडं’ हा शब्द लक्षात ठेवा. चार आठवड्यांत आयुष्य पालटेल अशी अपेक्षा ठेवली तर झालेली खरी सुधारणाही दिसत नाही.

वाईट बातम्या आणि आजारांचा शोध

या दोन सवयी वेगळ्या दिसतात, पण आतून सारख्याच चालतात. मनात धास्ती आहे, ती कमी व्हावी म्हणून माणूस शोधतो, क्षणभर बरं वाटतं, मग नवी शंका येते आणि शोध पुन्हा सुरू होतो. प्रत्येक फेरीत मन एकच धडा गिरवतं: धास्ती आली की शोधायचं. म्हणून जितकं शोधावं तितकी ती वाढते.

बातम्यांसाठी दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी १५ मिनिटं पुरतात. शक्यतो वाचा. युद्धाची किंवा अपघाताची तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा बघून माहिती वाढत नाही, ताण मात्र वाढतो. झोपण्याआधीच्या तासात बातम्या अजिबात नकोत. एखाद्या घटनेने फार अस्वस्थ वाटत असेल तर मदत, पत्र, एखाद्या बैठकीला जाणं असं हाताने करता येण्याजोगं एक काम निवडा.

शरीराच्या लक्षणांचा शोध घेताना ‘डोकेदुखी’ असं टाकलं की साध्या ताणापासून मेंदूच्या गाठीपर्यंत सगळं एका पानावर येतं, आणि घाबरलेलं मन नेमकं सगळ्यात भयंकर तेच उचलतं. हजारो डोकेदुख्यांमागे असा आजार किती विरळा, ते त्या यादीत दिसत नाही. म्हणून आधी कागदावर एकच प्रश्न लिहा. एखाद्या सरकारी आरोग्य संस्थेचं किंवा मोठ्या रुग्णालयाचं एकच पान वाचा. दहा मिनिटांनी थांबा आणि उरलेल्या शंका डॉक्टरांना विचारायच्या म्हणून त्याच कागदावर लिहून ठेवा. पुन्हा शोधावंसं वाटलं तर नाही म्हणू नका, ‘अर्ध्या तासाने’ म्हणा. ओढ बहुतेक वेळा तेवढ्यात ओसरते, आणि न शोधताही धास्ती खाली येते हे मनाला अनुभवाने कळतं. छातीत दुखणं, श्वास लागणं, एका बाजूची ताकद जाणं यांसाठी मात्र नेटवर एक मिनिटही घालवू नका, सरळ रुग्णालय गाठा.

शिवीगाळ, धमक्या, फोटोंचा गैरवापर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसू द्या, लिंकही जपून ठेवा. मग तक्रार करा. ब्लॉक सगळ्यात शेवटी, कारण ब्लॉक केल्यावर तो मजकूर अनेकदा आपल्यालाच दिसेनासा होतो आणि पुरावा जातो. उत्तर देऊ नका. कॉमेंट वाचणं भागच असेल तर काही दिवस जवळच्या माणसाला वाचायला सांगा आणि कामाचं तेवढं त्याच्याकडून ऐका. धमकी किंवा खासगी फोटोंचा प्रकार असेल तर पोलिसांकडे जा. पैसे मागितले तरी देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते.

काय काढू नये

नोंदीत ज्या वापरानंतर मन वर येतं, त्याला हात लावू नका. दुर्मीळ आजार असलेल्यांचे गट, लांबच्या माणसांशी बोलणं, शिकणं, ऑनलाइन समुपदेशन, हे अनेकांचे खरे आधार असतात. उदास असलेल्या मुलाचा फोन रागाने एकदम काढून घेतला तर त्याचे मित्रही त्यासोबत जातात. त्याच्याशी आधी बोला, कोणत्या अ‍ॅपवर काय होतं ते विचारा, आणि रात्री फोन बाहेर ठेवायचा नियम घरातल्या मोठ्यांनाही लावा. मोठ्यांना सूट दिलेला नियम मुलं पाळत नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जायचं

दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहिलं, आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही, झोप किंवा भूक बदलली, काम जमेनासं झालं, तर सेटिंग बदलत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका आणि तुमच्या देशातल्या हेल्पलाइनला किंवा तातडीच्या सेवेला फोन करा.

‘इंटरनेटचं व्यसन’ असा स्वतंत्र आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात नाही. ‘गेमिंग डिसऑर्डर’ मात्र आहे आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावर ताबा न राहणं, खेळ बाकी सगळ्याच्या वर जाणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, या गोष्टी साधारण बारा महिने टिकल्या आणि आयुष्य विस्कटलं तर ते निदान करतात. सुट्टीत मुलगा खूप खेळला, एवढ्यावर ते होत नाही.

भेटीला जाताना सात दिवसांची वही सोबत न्या. ‘मोबाइल फार बघतो’ या वाक्यापेक्षा ‘रात्री अकरानंतर रोज ऐंशी मिनिटं, उचलण्याआधी मन तीनवर, नंतर दोनवर’ या ओळीतून तज्ज्ञाला कितीतरी जास्त कळतं. उपाय सुरू केल्यावर चार आठवड्यांनी तशीच सात दिवसांची नोंद पुन्हा करा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा. ज्या बदलाने आकडा हलला नाही तो सोडून द्या. प्रवास, आजारपण किंवा परीक्षेनंतर वापर पुन्हा वाढलेला दिसला तर सगळे नियम एकदम लावू नका, आधी चार्जर पुन्हा खोलीबाहेर न्या आणि आठवडाभर तेवढंच पाळा.